चार्टर स्कूलच्या मुलाखती आणि एक लांबलचक तक्ता

बोस्टनला एम.एड. करताना शेवटच्या सत्रात मी चार्टर स्कूल हा विषय घेतला. पालक अशा शाळा का निवडतात आणि तिथले शिक्षक त्याकडे कसे बघतात, एवढाच प्रश्न होता. दोन शाळांमधून डझनभर मुलाखती जमल्या. त्यानंतर त्यांचं विश्लेषण कसं केलं ते लिहिते आहे, कारण पद्धतिशास्त्राची पुस्तकं वाचूनही लॅपटॉपसमोर बसल्यावर नेमकं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आधी शाळांबद्दल थोडं. चार्टर स्कूल सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण शहराच्या शाळा खात्याऐवजी तिचं स्वतंत्र विश्वस्त मंडळ असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचं शिक्षण मंडळ पाच वर्षांची सनद देतं आणि काम पटलं नाही तर ती काढूनही घेतं. असा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, मॅसॅच्युसेट्सने १९९३ मध्ये. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढायची. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी पुण्यात लोक कसे मेसेजची वाट बघत बसतात ते पाहिलेलं असल्यामुळे हा भाग मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची मंजुरी घेताना मी मुलांना वगळलं. मुलांशी बोलायचं तर पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती असं दुहेरी काम असतं, आणि एका सत्रात ते बसत नाही. नावं, शाळा, रस्ते सगळं बदलायचं हेही तेव्हाच ठरलं.

मुलाखतींचा मजकूर सॉफ्टवेअरने काढला. पालकांमध्ये हैती, केप व्हर्ड, डॉमिनिकन रिपब्लिककडचे लोक बरेच होते, आणि त्यांच्या उच्चारांपुढे यंत्राने हात टेकले. मेटको या शाळा-योजनेच्या नावाचं ते दर वेळी मेट्रो करत होतं. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत मजकूर दुरुस्त करावा लागला. कंटाळवाणं काम, पण विश्लेषण खरं तर इथेच सुरू झालं. कोण कुठे थांबलं, कोण हसलं, हे कागदावर दिसत नाही. मी समासात टिपणं लिहीत गेले, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत.

मग कोडिंग. म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला छोटं नाव द्यायचं. यासाठीच्या एनव्हिवो या सॉफ्टवेअरचं लायसन्स विद्यापीठाकडे होतं, पण मी टॅगेट वापरलं. फुकट आहे आणि एवढ्या मुलाखतींना पुरतं. सुरुवातीचे कोड प्रश्नावलीतूनच आले: निवडीचं कारण, शिस्त, शिक्षक, अपेक्षा. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या २००६ च्या लेखात थीमॅटिक अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे मजकुरातून समान विषय शोधण्याच्या, सहा पायऱ्या आहेत, त्या धरून चालले होते. तिसरी पायरी येईपर्यंत मुलाखती भाजीसारख्या चिरून झाल्या होत्या आणि कुठला तुकडा कुणाचा तेच आठवेना.

सुटका झाली ती एका तक्त्याने. एक्सेलमध्ये आडव्या ओळीत एकेक माणूस, उभ्या रकान्यात एकेक कोड, आणि चौकटीत त्या माणसाचं म्हणणं दोन वाक्यांत. याला फ्रेमवर्क मेथड म्हणतात हे नंतर कळलं. उभा रकाना वाचला की एकाच मुद्द्यावर सगळे काय बोलले ते दिसतं. पण मला खरं काही सापडलं ते आडवं वाचताना. पालकांच्या बोलण्यात चार्टर हा वेगळा खणच नव्हता. एका आईने शहराच्या शाळांची सोडत, दोन चार्टरचे अर्ज, एक कॅथलिक शाळा आणि मेटको असं सगळं एकाच हिवाळ्यात केलं होतं. मेटको म्हणजे शहरातल्या मुलांना बसने उपनगरांतल्या शाळांत नेणारी योजना, वांशिक विलगीकरण कमी व्हावं म्हणून १९६६ पासून चालू असलेली. तिला चार्टरची जागा आधी मिळाली, म्हणून मुलगा चार्टरमध्ये. चार्टर चळवळीबद्दल तिला काडीचंही मत नव्हतं. बस किती वाजता येते आणि शाळा किती वाजता सुटते यावर मात्र ती भरभरून बोलली.

म्हणून ‘निवडीचं कारण’ हा कोड मी मोडला आणि त्या जागी ‘अर्जांचं वर्ष’ हा विषय आला. कुणी माहिती दिली, कुठल्या यादीत कितवा नंबर लागला, कधी फोन आला. प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण यातून झालं असं मला वाटतं.

शिक्षकांच्या मुलाखती वेगळ्याच निघाल्या. चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवावी का यावर राज्यात २०१६ मध्ये जनमत झालं होतं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं होतं. शिक्षकांच्या तोंडी त्या वेळचा प्रचार अजून होता, दोन्ही बाजूंचा. अशा वाक्यांना मी वेगळा कोड दिला, नाहीतर घोषणा आणि अनुभव एकत्र मोजले गेले असते. घोषणा बाजूला केल्यावर जे उरलं ते बहुतेक थकव्याबद्दल होतं. शाळेचा लांबलचक दिवस, रात्री पालकांचे फोन, वर्षाच्या मध्यात सोडून गेलेले सहकारी.

एका वर्गमैत्रिणीने दोन मुलाखती स्वतंत्रपणे कोड केल्या. एक आई म्हणाली होती की इथे कॉरिडॉरमध्येही मुलांना बोलू देत नाहीत. मी तिथे तक्रार लिहिलं होतं, मैत्रिणीने पसंती. आम्ही रेकॉर्डिंग लावलं. ती आई हसत होती, आणि पुढच्याच वाक्यात धाकट्या मुलीचाही अर्ज भरल्याचं सांगत होती. तेव्हा ‘जाचक, पण हवं’ असा तिसराच कोड तयार झाला आणि तो नंतर बऱ्याच ठिकाणी लागला. दोघींचं कोडिंग किती जुळलं हे सांगणारा ‘कप्पा’ (kappa) हा सांख्यिकीतला आकडा काढायचा का, असं मी मार्गदर्शकांना विचारलं. एवढ्याशा मजकुरावर तो आकडा शोभेचा होईल, त्यापेक्षा मतभेद कुठे झाला ते लिही, असं त्या म्हणाल्या.

मर्यादांचं प्रकरण लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला. माझे सगळे पालक शाळेमार्फत भेटले, म्हणजे सोडतीत नंबर लागलेलेच. बोस्टनच्या चार्टरवरचे अर्थशास्त्रज्ञांचे गाजलेले अभ्यास नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करूनच उभे राहिलेत, आणि माझ्याकडे दुसरी बाजू मुळातच नव्हती. जे अर्ज करून रांगेतच राहिले, त्यांचं ‘अर्जांचं वर्ष’ कसं गेलं असेल यावर मी चांगली तीन पानं लिहिली. मार्गदर्शकांनी दोन कापायला सांगितली. मी एक कापलं.