पाऊण वाजताची बोट

आत्याचं बिऱ्हाड दापोलीहून गुहागरला हलवायचं होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि म्हणाली, आता मी आपल्या घरी जाते. आपलं घर म्हणजे गुहागरचं आजोबांचं. ते वर्षभर बंद, आणि किल्ली मुंबईला काकांकडे.

नकाशात दापोली आणि गुहागर शेजारी-शेजारी दिसतात. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण करत शंभरेक किलोमीटरचा वळसा. दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरलं की गुहागर हाकेच्या अंतरावर. 2003 साली ही बोट सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे कुणी तो वळसा घालत नाही.

म्हणून मी मोठ्या हौसेने बेत आखला. धाकटा भाऊ किल्ली घेऊन सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने चिपळूणला येणार, तिथून एसटीने गुहागरला. सामान टेम्पोने. टेम्पोवाला कराडचा. त्याने दापोलीत फ्रिज आणि वॉशिंग मशिनं उतरवली होती आणि रिकामा परत चालला होता. गुहागरहून चिपळूण, तिथून कुंभार्ली घाट चढून कराड, म्हणजे आमचं सामान त्याच्या वाटेवरचंच. त्यामुळे भाडं निम्म्यात ठरलं. आत्या टेम्पोच्या केबिनमध्ये, मी मागून स्कूटरवर. दहाला निघायचं, बाराला दाभोळ, दोनला गुहागर. भावाला म्हटलं, तूच उशीर करू नकोस म्हणजे झालं.

दहाला शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. अकराला माजी विद्यार्थी आले. मग वाडीतल्या प्रत्येक घरी हळदीकुंकू. मग तुळस. तुळशीची कुंडी टेम्पोत ठेवायला आत्या तयार नव्हती, मांडीवर घेऊन बसणार म्हणाली. निघेपर्यंत साडेचार वाजून गेले. भावाचा फोन तीनलाच आला होता. गाडी वेळेवर, चिपळूण स्टेशन ते स्टँड रिक्षा, पुढे लगेच गुहागरची एसटी. "मी ओट्यावर बसलोय. तुम्ही कुठे?"

दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. टेम्पोवाला खाली उतरला, कमरेवर हात ठेवून समोर बघत राहिला. "आयला, पाणी कुठं गेलं?"

पाणी ओहोटीला गेलं होतं. धक्क्याचा उतार एरवी अर्ध्यावर पाण्यात बुडलेला असतो. आता खालपर्यंत उघडा पडला होता आणि खालचा भाग शेवाळाने हिरवागार. बोट अगदी तळाशी लागलेली, तिची लोखंडी फळी उतारावर टेकलेली. उतार खाली येतो आणि फळी बोटीकडे वर चढते, दोन्हींच्या मध्ये कोपऱ्यासारखी खाच. दुचाकी आणि कार त्यातून उड्या मारत गेल्या. टेम्पोची मागची चाकं मात्र शेपटापासून बरीच पुढे असतात आणि या बोटीवर रिव्हर्स चढायचं असतं. चाक फळीवर चढायच्या आधीच शेपूट फळीला खर्रर्र करून घासलं. खलाशाने हात वर केला, "थांब, थांब, थांब!"

आत्या केबिनमधून, तुळशीआडून, शांतपणे म्हणाली, "आज प्रतिपदा ना?"

"असेल. का?"

"तिथीची पाऊणपट. एक गुणिले पाऊण. पाऊण वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळव, पावणेसातला पूर्ण ओहोटी. त्यातून काल पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण. पाणी वरही जास्त चढतं, खालीही जास्त जातं."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

मी रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं होतं, एसटीचं पाहिलं होतं, बोटीच्या फेऱ्यासुद्धा पाहिल्या होत्या. पंचांग पाहिलं नव्हतं. बारा वाजता आलो असतो तर धक्क्याला पाणी तुडुंब असतं आणि टेम्पो सरळ चढला असता. माझा बेत मुळात बरोबर होता, पण तो का बरोबर होता हे मलाच ठाऊक नव्हतं.

खलाशी म्हणाला, दोन रस्ते आहेत. साडेआठपर्यंत थांबा, पाणी वर येईल. नाहीतर मागचं वजन उतरवा. मागे काय आहे? मागे पुस्तकांची सोळा खोकी, पाटा-वरवंटा आणि पत्र्याची ट्रंक. गणिताच्या बाईंचं सगळं जड सामान नेमकं शेपटीवर. भरताना आम्हीच ठरवलं होतं, जड ते शेवटी म्हणजे उतरवताना आधी निघेल.

मग खोकी उतरली. टेम्पोवाला, मी, दोन खलाशी आणि पलीकडे निघालेले तीन अनोळखी उतारू. शेवाळावरून अनवाणी, अंगठे रुतवत, एकेक खोकं बोटीवर. पाटा उचलताना एक खलाशी म्हणाला, "मिक्सर नाय काय तुमच्याकडे?" आत्याने ऐकलं नाहीसं केलं. शेपूट चार बोटं वर आलं. खलाशांनी मागच्या चाकांखाली दोन जाड फळ्या सरकवल्या. एकजण फळीजवळ वाकून नजर लावून बसला. त्याचा एक हात वर होता आणि बोटं इंच-इंच हलत होती. इंजिन घुरघुरलं. या वेळी खर्रर्र आवाज आला नाही. टेम्पो मधोमध घेतला, दुचाक्या कडेला, आणि साखळी चढली.

बोट सुटल्यावर टेम्पोवाल्याने पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. त्याला सांगितलं, कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर पोफळीकडे याच वाशिष्ठीत येतं. "म्हणजे आमचंच की!" म्हणाला, आणि जरा मोकळा झाला. पलीकडे वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या. जगभर गाजलेला हा 'दाभोळ प्रकल्प' दाभोळात नाहीच, खाडीच्या गुहागरकडच्या अंगाला, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. मागे दाभोळची जुनी मशीद अंधारत होती. पंधराव्या शतकात हे मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथूनच बोटीत बसून परत निघाला आणि इथे अरबस्तानातून, खुरासानातून घोडे उतरतात असं त्याने लिहून ठेवलंय. ते घोडे गलबतातून काढताना कुणीतरी तिथीची पाऊणपट केलीच असणार.

आत्याला मात्र आगबोट आठवत होती. लहानपणी मुंबईहून यायची. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं. "ट्रंका वरून दोरीने सोडायचे आणि मुलं हातोहात. मला बोट लागायची, तरी पडावात बसलं की बरं वाटायचं." पंधराएक मिनिटांत आम्ही धोपाव्याला. उतरताना टेम्पो नाकाने पुढे, त्यामुळे सोपं गेलं. खोकी परत भरायला मात्र अर्धा तास.

गुहागरला पोचेपर्यंत साडेआठ. घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या आत, तिथे टेम्पो जात नाही. म्हणजे सोळा खोकी तिसऱ्यांदा हातावर. भाऊ साडेपाच तास डास मारत बसलेला, काहीही न बोलता उठला आणि पाटा उचलला. टेम्पोवाल्याने आधी आत्याच्या मांडीवरची तुळस घेतली, "मावशी, हिला पुढं जाऊ द्या." जेवून तो रात्रीच चिपळूणकडे निघाला. सकाळी चिपळूणजवळच्या लोट्याहून कराडचा माल भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी मला स्कूटरने दापोलीला परतायचं होतं. चहा देताना आत्या म्हणाली, "आज द्वितीया. दीड."

स्कूटर काय, कुठल्याही पाण्यात चढते. तरी मी एकची बोट धरली.