मॅडम, हाबरला नोबेल दिलंच कसं?

अकरावीला रासायनिक समतोल शिकवताना हाबर प्रक्रिया येते, म्हणजे अमोनिया बनवायची रीत. नायट्रोजन, हायड्रोजन, लोखंडाचा उत्प्रेरक, भरपूर दाब. परीक्षेपुरतं दहा मिनिटांत होतं. मी मात्र ती शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञावर आख्खा तास घेते. मग मुलं विचारतात, कधी पालकसुद्धा, "मॅडम, विषारी वायू सोडणाऱ्या माणसाला नोबेल दिलंच कसं? आणि त्याच्यावर एवढा वेळ कशाला?"

नोबेल अमोनियाचं होतं. 1918 सालचं, जाहीर झालं 1919 मध्ये. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पकडून देतात. उसाला खत घालावं लागतं. 1909 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला आणि कार्ल बॉश या अभियंत्याच्या मेहनतीतून 1913 मध्ये ओप्पाउचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला. माझ्या वर्गात मोहोळ-माढ्याकडची मुलं असतात, घरी उजनीच्या पाण्यावरचा ऊस. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे वीस किलोंहून जास्त, आणि तो सगळा याच प्रक्रियेतून आलेला. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न अशा खतावर पिकतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे ऐकताना मुलं खूश असतात.

त्यावर कुणीतरी म्हणतंच, की शोध चांगला होता, माणूस वाईट निघाला. मला ही वाटणी मान्य नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानं समुद्र अडवला आणि चिलीहून जर्मनीला येणारा सोरा, म्हणजे दारूगोळ्याला लागणारं नायट्रेट, बंद झाला. तेव्हा याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यातून तोफगोळ्यांची दारू तयार झाली. शेताचा अमोनिया वेगळा आणि युद्धाचा वेगळा, असं काही नव्हतंच.

क्लोरीन हा विषारी वायू शस्त्र म्हणून वापरण्याच्या कामात उतरायचा निर्णय मात्र हाबरचा स्वतःचा. कुणी त्याच्यावर लादला नव्हता. त्यानंच पुढाकार घेतला, माणसं तयार केली, आघाडीवर जाऊन उभा राहिला. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला गेला. खंदकातल्या माणसांची फुफ्फुसं जळाली. कितीही धान्य पिकलं तरी हे त्यातून वजा होत नाही, असं मी वर्गात स्पष्ट सांगते.

क्लारा इमरवारबद्दलही सांगते. हाबरची बायको, स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट, तीही 1900 साली, जेव्हा बाईला विद्यापीठात पाय ठेवणंच अवघड होतं. लग्नानंतर तिचं संशोधन थांबलं. 2 मे 1915 ला तिनं नवऱ्याच्या पिस्तुलानं स्वतःला संपवलं. तिच्या मरणाला एकच कारण होतं, असं मी म्हणत नाही. पण हाबरचं चरित्र सांगायचं आणि तिला एका ओळीत उरकायचं, याचा मला राग येतो.

पुढचं थोडक्यात. 1933 मध्ये हिटलरच्या राजवटीनं, हाबर प्रमुख असलेल्या संशोधन संस्थेतल्या ज्यू कर्मचाऱ्यांना काढायला सांगितलं. जन्मानं ज्यू असलेल्या हाबरनं त्याऐवजी राजीनामा दिला, आणि या कृतीबद्दल मला त्याचा आदर आहे. ज्या देशासाठी एवढं केलं, तो सोडून 1934 च्या जानेवारीत तो बाझेलला वारला. त्याच्या संस्थेत कीटकनाशकासाठी झालेल्या कामातून निघालेला झायक्लॉन बी पुढे छळछावण्यांच्या गॅसकोठड्यांत वापरला गेला.

सतरा वर्षांच्या पोरांना हे सगळं कशाला, असं पालक विचारतात. यातली काही मुलं उद्या चिंचोळी एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांत लागतील, काही संशोधनात जातील. काय बनवायचं हे त्यांना कुणीतरी वरून सांगेल, आणि एखाद्या दिवशी त्यांना नको म्हणावंसं वाटेल. त्याआधी ईप्र त्यांना माहीत असावं, म्हणून मी तो तास घेते.