तळमजल्यावर साडेसहा किलो

ठाण्यातल्या एका 22 मजली सोसायटीत रायझर (आग विझवायचं पाणी प्रत्येक मजल्यावर नेणारा उभा पाइप) तपासायला गेलो, तर सेक्रेटरींनी आधी तळमजल्यावरचं प्रेशर गेज दाखवलं. काटा साडेसहा किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला). "प्रेशर कायम असतं, साहेब." मला तो आकडाच खटकला.

दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो दाब देतं. गच्चीवरची टाकी 65 मीटरवर, म्हणजे सगळे पंप बंद असले तरी खाली साडेसहा दिसणारच. वरच्या मजल्यावर तीच टाकी डोक्यावर चार-पाच मीटर, तिथे अर्धा किलोही मिळत नाही. शेवटच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे मजल्यावर होज जोडायच्या नळाला, साडेतीन किलो हवे असतील तर खाली दहाच्या आसपास दिसलं पाहिजे.

22व्या मजल्यावर 15 मीटरचा होज काढला. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे कित्येक दिवसांत उघडलाच नव्हता. ब्रांच पाइप (हातात धरायची नोझलची नळी) जोडून व्हॉल्व्ह उघडला, तर होज धड फुगला नाही. पाणी नोझलच्या पुढे दोन हातांवर पडत होतं.

पंपरूममध्ये जॉकी (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) आणि मेन पंप, दोन्हींचे सिलेक्टर मॅन्युअलवर, म्हणजे आपोआप सुरू होणारच नाहीत. जॉकी दर दोन-तीन मिनिटांनी सुरू व्हायचा, खालचे रहिवासी आवाजाने वैतागले, म्हणून कमिटीने वॉचमनला तसं करायला सांगितलेलं. वॉचमनचा यात काय दोष? जॉकी सारखा कट-इन (सुरू) होतो तेव्हा लाइन कुठेतरी गळत असते, आणि ती शोधणं देखभालीच्या एजन्सीचं काम. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. तो या एजन्सीने सही करून दिलेला होता. त्या चिकटलेल्या घड्या आठवल्या की अजून संताप होतो.

गळती निघाली फाटकाजवळ. बंबाचा होज जोडायच्या इनलेटमागचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) पास होत होता, म्हणजे गळत होता. झडपेखाली खडीचा तुकडा अडकून सीटचं रबर कापलं गेलेलं, आणि कॅपमधून पाझरणारं पाणी थेट गटारात. खडा काढला, रबर बदललं, दोन्ही पंप ऑटोवर टाकले. काटा अकरावर जाऊन थांबला, जॉकी गप्प झाला. वर व्हॉल्व्ह उघडताच मेन पंप आपोआप लागला आणि दोघांना ब्रांच आवरेना.

शेवटच्या मजल्यावरही गेज बसवा, असं लिहून दिलंय. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली आहे; कमिटीने नवी अजून मंजूर केलेली नाही.