तुझी मजा आहे बाई

वहिनी सहज बोलून गेल्या. फोन ठेवता ठेवता. "रोज सकाळी टेकडी! तुझी मजा आहे बाई." आवाजात खोच नव्हती, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तरी कालपासून ते डोक्यातून जात नाहीये.

मजा? मार्चनंतर काय काय झालं ते त्यांना ठाऊक आहे. दादालाही. टेकडी मला डॉक्टरांनी सांगितली आहे, रात्रीची गोळी सांगितली तशीच. कित्येक सकाळी बूट घालून मी दारातच बसून राहते. आमची ही पुण्यातली वेताळ टेकडी. पंचवटीकडून चढायला लागलं तरी पहिला चढ संपेपर्यंत आजूबाजूचं काही दिसत नाही. आत तेच चालू असतं. हॉस्पिटलचा तो जिना, तो फॉर्म, सही आधी करायला हवी होती की करायलाच नको होती. याला मजा म्हणायचं?

रात्री झोप येईना, तेव्हा वहिनींना द्यायचं उत्तर मनातल्या मनात रचत बसले. पुरावेसुद्धा गोळा केले. जंगलात जाऊन निवांत वावरायचं, ते ‘शिनरिन-योकू’, जपानच्या वनखात्याने १९८२ मध्येच लोकांपुढे ठेवलं. मग स्टॅनफर्डचा २०१५ चा अभ्यास. ३८ माणसं, दीड तासाची चाल. काहींना गवताळ, ओकची झाडं असलेल्या भागात पाठवलं, काहींना रहदारीच्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चालून आलेल्यांचं स्वतःबद्दल तेच ते उगाळणं कमी झालं, मेंदूच्या त्याच्याशी जोडलेल्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत तसा फरक पडला नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले होते, कारण उगाळणं हेच तर माझं दुखणं आहे. शिवाय २०१९ चा इंग्लंडमधला, सुमारे २०,००० लोकांचा. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारी माणसं आपली तब्येत बरी आहे, आपण समाधानी आहोत, असं जास्त प्रमाणात सांगतात. चालल्यामुळे बरं वाटतं की बरं असणारेच चालायला जातात, हे त्यावरून ठरत नाही, एवढं मला कळतं. तरी तोही घेतला.

आणि मग वाटलं, मी हे कुणापुढे मांडतेय? वहिनींनी खुलासा मागितलेलाच नाही. मी तिथे आजारी म्हणूनच जाते, हे मला इतकं का पटवून द्यायचंय? दुखत असेल तरच बाईने सकाळची वेळ स्वतःला घ्यावी, असं मला कुणी शिकवलं? आई जन्मभर टेकडीच्या पायथ्याशी राहिली आणि वर मात्र... ते आज नको.

२०२३ मध्ये टेकडीवरून नेऊ घातलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध, टेकडीखालच्या बोगद्यांविरुद्ध आम्ही उतरलो तेव्हाही माझ्या हातात भूजलाचा फलक होता. मुद्दा खराच आहे, आजही तो मी भांडून सांगेन. पण "मला इथे बरं वाटतं" असं लिहावं, हे मनातही आलं नव्हतं. उपयोग दाखवल्याशिवाय टेकडीलाही जागा मागता येत नाही आणि मलाही.

आज पहाटे सर येऊन गेली होती. मृग लागल्यापासून वरचं सगळं पालटलंय. गिरिपुष्पाची ती एकसुरी लागवड ओलांडेपर्यंत विशेष काही नसतं (तिथे आपली देशी झाडं हवी होती, हे माझं नेहमीचं). खाणीच्या पुढे गेलं की पावशा सुरू होतो, "पेरते व्हा, पेरते व्हा", थकतच नाही. एवढ्यात झुडपातून दुहेरी शीळ आली. नवरंग पक्षी! आला म्हणजे या वर्षीही. बराच वेळ थांबले, दिसला नाही. खाली पाहिलं तर ओल्या मातीवर मृगाचे किडे, लालभडक मखमली. मी सरळ उकिडवी बसले. एक किडा बोटाजवळ आला, पाय आखडून गप्प झाला, मग परत निघाला. मागून येणारे आजोबा थांबले, "अरे वा, निघाले का!" म्हणाले आणि तेही वाकून बघायला लागले. उठले तेव्हा लक्षात आलं, एवढ्या वेळात जिना आठवला नव्हता. फॉर्मही नाही.

मजाच होती ती. वहिनी बरोबर बोलल्या, असू दे.

उद्या कदाचित नसेल. पायथ्यापासून माथ्यापर्यंत फक्त जिनाच असेल, असेही दिवस येतात आणि त्या दिवशीही जायचंच आहे. गोळीही चालूच राहणार. "टेकडी आहे ना, मग गोळ्या कशाला" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांनी ते डिसेंबरमधले दिवस पाहिलेले नाहीत.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. "टेकडीचा उपयोग होतोय का?" असं त्या विचारतीलच. या वेळी आधी नवरंग आल्याचं सांगणार आहे. मग झोपेचं. आणि जमलं तर त्या रविवारचं.