तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या रूटमध्ये व्रशिच का नसतो

दर उन्हाळ्याच्या तोंडावर मला पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून मेसेज येऊ लागतात. ताई, तुम्ही म्युनिकला राहता, बाइकवर स्लोव्हेनिया पालथा घातलाय, आम्ही ल्युब्लियानाला बाइक भाड्याने घेतोय, पाच दिवसांचा रूट आखून द्या. मी मनापासून आखून देते. दोन दिवसांत पुढचा मेसेज येतो: यात व्रशिचचा घाट कसा नाही? काही जण विचारतात, विसरलात का? काही जण, आणि हे बहुतेक पुरुषच असतात, विचारतात, तिथे घाबरलात का?

विसरलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

१६११ मीटरची खिंड, पन्नास हेअरपिन वळणं आणि प्रत्येकावर क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. उत्तरेकडच्या, क्रान्स्का गोरा गावाच्या बाजूची चोवीस वळणं दगडी चिऱ्यांची आहेत, हे मात्र कुणी बोलत नाही. मधला रस्ता डांबरी आणि ऐन वळणावर फरसबंदी. वर्षानुवर्षं चाकांनी घासून ते चिरे गुळगुळीत झाले आहेत. कोरडे असले तर नुसते धक्के बसतात. ओले असले तर पुढचं चाक कधी सुटलं ते हाताला कळतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सवयीची. वरंध म्हणा, ताम्हिणी म्हणा, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवत शिकलो. आपल्याकडे डावं वळण आतलं, आवळलेलं असतं; उजवं मोकळं मिळतं. तिकडे बरोबर उलट. उजवं वळण अंगावर येतं, आणि उतारावर असेल तर ते फार लवकर अंगावर येतं. डोक्याला हे पहिल्याच दिवशी समजतं. खांद्यांना आणि नजरेला समजायला वेळ लागतो, आणि तुम्ही पाच दिवसांसाठी येता. त्यात भाड्याची जड बाइक, दोन्ही बाजूंना बॅगा, मागे बायको किंवा मित्र.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तरीही एके काळी मीच सगळ्यांना सांगत होते की व्रशिच केला नाही तर स्लोव्हेनिया पाहिलाच नाही. तेव्हाच्या त्या बाईशी माझं भांडण अजून चालू आहे. भांडण कशावरून, ते सांगते.

सप्टेंबरची दुपार होती. मी दक्षिणेकडच्या ट्रेन्टा गावाकडून चढून माथ्यावर आले होते आणि क्रान्स्का गोराकडे उतरत होते. पाऊस येऊन गेला होता, चिरे चमकत होते. माझ्यापुढे एक वयस्क रायडर होता, एकटाच. फार छान चालवत होता. त्याच्यामागे अंतर ठेवून मी त्याचीच लाइन धरून उतरत होते, कारण त्याला हा रस्ता ठाऊक आहे हे दिसत होतं. एका उजव्या वळणावर खालून कॅम्परव्हॅन आली. एवढं लांब धूड त्या वळणात आपल्या बाजूला मावत नाही, ते मधे आलंच. त्या रायडरने ब्रेक दाबला. मीही तेच केलं असतं. पुढचं चाक गेलं, बाइक आडवी झाली आणि त्याचा पाय खाली ठेवून घसरत कडेच्या दगडापर्यंत गेली. हेल्मेट दगडावर आपटल्याचा आवाज माझ्या हेल्मेटच्या आत ऐकू आला.

बाइक वरच्या बाजूला लावून मी धावले. व्हॅनमधल्या माणसाने आणि मी मिळून त्याची बाइक उचलली. एक सायकलस्वार वरच्या वळणावर जाऊन गाड्या थांबवायला उभा राहिला. कुणीतरी ११२ ला फोन लावला. हेल्मेट काढायचं नाही, मान हलवायची नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी रस्त्यावर गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसले. तो बोलत होता, मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी आधी जर्मन बोलले, मग इंग्रजी. मग माझ्याही नकळत मराठी. आलेच हं ते आता, डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा. त्याने माझा हातमोजा धरून ठेवला होता. अँब्युलन्स यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. ती आली तेव्हा माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या आणि पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नाव विचारायचं सुचलं नाही, आणि नंतर कुठून शोधणार?

लोक निघून गेले, तरी मला खाली उतरायचंच होतं. खालची सगळी वळणं तशीच, चिऱ्यांची, ओली. प्रत्येक वळणाआधी मी जवळजवळ थांबत होते. घाबरलात का म्हणून विचारता ना? हो, त्या दिवशी घाबरले. पण पडले नाही, बाइक सोडून दिली नाही, आणि त्यानंतर याच देशात मी पुष्कळ चालवलंय. तेव्हा भित्री म्हणून मला मोडीत काढू नका.

आठव्या वळणापाशी ते लाकडी रशियन चॅपल आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने सोचा खोऱ्यातल्या आघाडीला रसद पोचवायला हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमलोट कोसळला आणि त्यांतले पुष्कळ गाडले गेले. त्यांच्या सोबत्यांनी हे चॅपल उभारलं. पूर्वी मी म्हणायची, ज्या रस्त्यासाठी माणसं मेली त्यावरून जायलाच हवं, तो मान आहे. आज हे वाक्य मला बोलवत नाही. त्या कैद्यांना आपल्या टायरचं काय? पण मग तिथे जाऊच नये, असंही मनापासून म्हणता येत नाही. चॅपल पाहायचं तर क्रान्स्का गोराहून चालत जा, असं मी हल्ली सांगते. हा तोडगा आहे, उत्तर नव्हे, हे मला कळतं.

ती जुनी बाई आणखी एक मुद्दा काढते. ताम्हिणीत दर पावसाळ्यात अपघात होतात, तो रूट कुठे खोडलास? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ताम्हिणीतला पाऊस मला अंगाने कळतो, एवढंच म्हणू शकते.

आता जे तुम्हाला देते ते नीट बघा, कारण ते उरलंसुरलं नाही. येझेर्स्कोवरून ऑस्ट्रियात उतरून पाव्हलिच खिंडीतून (१३३८ मीटर) परत या, खाली लोगार्स्का दोलिनाची दरी आणि नव्वद मीटरचा रिंका धबधबा. बोहिन्यहून सोरित्साचा घाट, तिथून बाचा नदीच्या चिंचोळ्या दरीतून मोस्त ना सोची. रस्ता अरुंद, गाड्या तुरळक, वळणामागून वळण. मग सोचा नदीच्या काठाकाठाने कोबारिद आणि बोव्हेत्स. त्या पाण्याचा हिरवा रंग फोटोत येत नाही, उगाच प्रयत्न करत बसू नका. बोव्हेत्सला उकडलेले बटाटे आणि ताजं स्कूता चीज मिळतं, शाकाहारी मंडळींचं पोट भरतं. हवा स्वच्छ असेल तर मांगार्त: २०५५ मीटरपर्यंत जाणारा, स्लोव्हेनियातला सगळ्यात उंच रस्ता, अंधारे बोगदे, सकाळी लवकर निघा. तिथून प्रेदेल खिंडीने (११५६ मीटर) इटलीत. पासपोर्ट जवळ ठेवा, ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. परतताना सोल्कानला रेल्वेचा दगडी पूल पाहा, पंच्याऐंशी मीटरची एकच कमान, आणि इद्रियावरून ल्युब्लियाना. अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोड्याच मोठ्या देशात हे सगळं बसतं, आणि तुम्ही विचारता ते एका घाटाचं!

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खुलासा अर्धवट राहील. नंतर एकदा मी पुन्हा व्रशिचला गेले. ट्रेन्टाकडून, डांबरी वळणांनी, कोरड्या सकाळी. माथ्यावर चहा प्यायले आणि आले तशीच मागे फिरले. तो चढ इतका सुंदर होता की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. म्हणजे रूटमध्ये निदान तेवढी बाजू घालायला काय हरकत आहे? मीही हेच स्वतःला विचारते. पण माथ्यावर पोचलेला माणूस पलीकडे उतरल्याशिवाय राहत नाही, पाट्या पन्नास आहेत आणि त्याने सव्वीसच पाहिलेल्या असतात.

यंदा भाचीने विचारलंय. तिला हेच सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: मावशी, ऊन असेल तर आम्ही उतरणार. मी तिला टायर आणि ब्रेकबद्दल दोन सूचना केल्या, ११२ पाठ करायला सांगितला, आणि रूट होता तसाच ठेवला.