आधी चुंबक, मग आच, शेवटी पाणी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला मला १० ग्रॅमची पुडी मिळाली. आत वाळू, लोखंडाचा कीस, मीठ आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड). चौघं वेगळे करून वजनं लिहायची होती. पद्धती तोंडपाठ होत्या, म्हणून मी पुडी थेट बीकरमध्ये रिकामी केली आणि वर १०० मिली पाणी ओतलं. मिठाबरोबर नवसागरही विरघळला. कीस ओल्या वाळूत रुतला. चुंबक फिरवला की चिखलच वर यायचा. दुसऱ्या दिवशी पाहते तर वाळू तांबूस. अशा खारट पाण्यात लोखंड फार लवकर गंजतं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, पाण्यात यातलं काय काय विरघळतं, ते आधी लिहिलं होतंस का?"

नवी पुडी घेतली तेव्हा आधी कागद पुढे ओढला. प्रत्येक नावासमोर लिहिलं, हा बाकीच्या तिघांहून कशात वेगळा, आणि याला काढताना इतरांचं काही बिघडेल का. क्रम तिथेच ठरला.

सगळं कोरडं असतानाच चुंबक फिरवला, तोही कागदात गुंडाळून. कागद सोडवला की कीस आपोआप खाली पडतो. किसाबरोबर वाळूचे कण येतातच, म्हणून तीन-चार वेळा फिरवला. मग उरलेलं मिश्रण चायना डिशमध्ये (चिनीमातीच्या वाटीत), वर पालथं नरसाळं, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा, खाली मंद आच. गार काचेवर नवसागराचा पांढरा थर धरला. (पुस्तकं याला संप्लवन म्हणतात, म्हणजे घन पदार्थाची न वितळता थेट वाफ होणं. खरं तर तापल्यावर नवसागर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये फुटतो आणि गार काचेवर ते पुन्हा एक होतात. भौतिक, म्हणजे पदार्थ न बदलणारी, पद्धत शिकवायची तर कापूर द्यावा, असं माझं ठाम मत आहे.)

उरली वाळू आणि मीठ. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. माझ्याकडे ३ ग्रॅमही नव्हतं. १५ मिली पाणी पुरलं, आटवण्याचा बराच वेळ वाचला. गाळणकागदावरची वाळू थोड्या पाण्याने दोनदा धुतली, नाहीतर मीठ तिलाच चिकटून राहतं.

पाणी आटत आलं तसं मीठ तडतडून बाहेर उडू लागलं. लगेच बर्नर काढला आणि डिश उकळत्या पाण्याच्या बीकरवर ठेवली. चारही वजनांची बेरीज ९.६ आली. पण वाळू हाताला ओलसर लागत होती. ती ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा तोलली आणि वहीत ९.४ लिहिले.