खळगा प्रॉमेनेडवर, बिघाड भिंतीत

माझ्या हातात आलेल्या कार्यादेशावर लिहिलं होतं, ‘फुटपाथ दुरुस्ती’. जागेवर मात्र प्रॉमेनेड होता. समुद्रभिंतीमागे भराव घालून त्यावर केलेल्या रुंद, सलग फिरायच्या रस्त्याला आपण प्रॉमेनेड म्हणतो. मूळ फ्रेंच शब्दात नुसता फेरफटका आहे. खालची भिंत, भराव आणि पाझर यांचा त्यात पत्ता नाही. म्हणून कागदावर सर्रास ‘फुटपाथ’ पडतं आणि अंदाजपत्रकही तेवढंच होतं: ब्लॉक उचला, वाळू टाका, पुन्हा बसवा. इथे ते आधी एकदा करून झालं होतं, शिवाय पोकळीत काँक्रीटही ओतलं होतं. आता त्या जागेपासून चार-पाच मीटरवर नवा खळगा पडला होता.

खळगा जेमतेम ४० मिलिमीटर खोल, पाणी साचेल इतकाच. पण इंटरलॉकिंग ब्लॉकच्या बाबतीत या आकड्याने फसू नये. ब्लॉक एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे खालचा भराव निघून गेला तरी ते बराच काळ कमानीसारखे तग धरतात. वरून दिसतो तो खळगा पोकळीचा एक कोपरा असू शकतो. पहारीने ठोकत गेलो आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण केली. खुणा थेट कठड्यापर्यंत पोचल्या. बॅरिकेड लावताना शेवटच्या खुणेपासून आणखी दोन मीटर सोडले, कारण कोसळते ती बहुधा पोकळीची कड. साफसफाईचा पाण्याचा टँकर त्या बाजूने यायचा, तो लगेच बंद केला. माणसांच्या वजनाने न पडलेला भाग भरलेल्या टँकरच्या मागच्या चाकाखाली सहज बसतो.

“साहेब, काँक्रीटची गाडी मागवू का?” सुपरवायझरने विचारलं. आधी ओहोटी बघू, म्हटलं.

भिंत समुद्राच्या बाजूने पाहायची ती ओहोटीच्या उत्तरार्धात. भरतीत भरावात शिरलेलं पाणी समुद्राच्या वेगाने उतरत नाही, मागे राहतं. बाहेर पाणी खाली आणि आत वर, असा फरक तेव्हा सर्वांत जास्त असतो, आणि त्याच जोराने भरावातले बारीक कण बाहेर ओढले जातात. सांध्यातून स्वच्छ पाणी येत असेल तर तो निचरा. गढूळ येत असेल तर भिंतीमागची जमीन चालली आहे असं समजावं. इथे पायथ्याजवळच्या एका प्रसरण सांध्यातून, म्हणजे काँक्रीट फुगायला-आकसायला जागा म्हणून भिंतीत ठेवलेल्या फटीतून, गढूळ धार लागली होती. त्याच्या शेजारची वीप होल, म्हणजे भिंतीतली पाझर-छिद्रं, कोरडी ठणठणीत होती. ओहोटीला कोरडं छिद्र मला गढूळ सांध्याइतकंच खटकतं.

खात्रीसाठी वरचे ब्लॉक काढून खड्ड्यात फ्लुरोसीन या हिरव्या रंगाचं पाणी ओतलं आणि एक माणूस खाली उभा केला. रंग सांध्यातून आला, छिद्रांतून आलाच नाही. मग खणलं. आधीच्या दुरुस्तीतलं काँक्रीट भिंतीच्या पाठीला चिकटून बसलं होतं आणि त्याने छिद्रांची तोंडं बंद केली होती. पाणी अडलं, त्याने पुढचा सांधा गाठला. खळगा ‘सरकला’ तो असा. गाळणीचं कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, घातलेलं होतं. पण ते भिंतीच्या अलीकडेच संपत होतं. सांध्याला थेट बारीक वाळू भिडलेली होती, आणि तसं असलं की वाळू जाणारच.

दुरुस्तीचा क्रम समुद्राकडून सुरू होतो. ओहोटीत सांधा खरवडून साफ करायचा, आत बॅकर रॉड, म्हणजे फोमची लवचीक दोरी, दाबायची आणि ओल्या पृष्ठभागालाही धरेल असंच सीलंट भरायचं. अडलेल्या छिद्रांच्या जागी ७५ मिलिमीटरची नवी छिद्रं बाहेर उतार देऊन पाडायची. मागून कापड भिंतीवर वर वळवून घ्यायचं, जोडावर निदान ५०० मिलिमीटर एकावर एक ठेवायचं आणि छिद्रांमागे २० ते ४० मिलिमीटरची खडी कापडात गुंडाळून बसवायची. भराव १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. जड रोलर भिंतीजवळ आणू नये, तो भिंतच बाहेर ढकलतो. वर ३० ते ४० मिलिमीटर जाड वाळू. जुने ब्लॉक ६० मिलिमीटरचे होते. पायी चालणाऱ्यांना ते पुरतात, टँकर आणि अग्निशमनाची गाडी जाणार असेल तर ८० घ्यावेत. उतार ५० ला १; कडेला पॅरापेट, म्हणजे सलग भिंतीचा कठडा, असेल तर त्यात तळाशी फटी हव्यात, नाहीतर लाटेचं वर आलेलं पाणी पुन्हा भरावातच मुरतं.

माझा काँक्रीटला सरसकट विरोध नाही. निचऱ्याची वाट आधी राखून मग पोकळी भरली तर चालतं. वाट बुजवून भरली तर भिंतीमागे पाण्याचा दाब चढतो, आणि ते खळग्यापेक्षा कितीतरी वाईट. इंग्लंडमधल्या डॉलिश येथे फेब्रुवारी २०१४ च्या वादळात समुद्रभिंत फुटली, मागचा भराव वाहून गेला आणि वरचे रेल्वेरूळ अधांतरी लटकत राहिले. तिथे कारण लाटांचा मारा होता. पण भराव गेल्यावर वरच्या बांधकामाचं काय होतं ते त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतं.

काम संपल्यावर त्या पट्ट्यात लेव्हलच्या खुणा ठोकल्या. प्रत्येक उधाणाच्या भरतीनंतर, ओहोटीलाच, वरची पातळी घ्यायची आणि खाली उतरून प्रत्येक छिद्रापुढे ‘वाहतं’, ‘कोरडं’ किंवा ‘गढूळ’ लिहायचं. कोरड्या छिद्रांत आधी सळई घालून तोंड मोकळं आहे का ते बघायचं; मगच वरचे ब्लॉक उचलायचे.